ओव्हाळ मॅडमचा नकाशा

भूमीचं अंतरंग जाणण्याची माणसाची आदिम ओढ जेव्हा रेषांतून प्रकट होते, तेव्हा नकाशा जन्माला येतो.

हे वाक्य माझं आहे. 'भूजल पुनर्भरण योग्यता नकाशा : लोकार्पण सोहळा' अशा मथळ्याच्या निमंत्रणपत्रिकेसाठी ते मी कर्जत स्टेशनजवळच्या हॉटेलात, मिसळ टेबलावर येईपर्यंत लिहून काढलं. जिचा नकाशा होता ती बाई समोर बसली होती. तिने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "सर, हे खरं आहे का?"

"खरं असायची गरज नाही. पत्रिका आहे."

"मग खाली हॉलचा पत्ता तरी खरा छापा. मागच्या कार्यक्रमाला आमचे दोन अधिकारी भलत्याच हॉलमध्ये जाऊन कुणाच्या तरी साखरपुड्यात जेवून आले होते."

या सुमन ओव्हाळ. सगळे त्यांना ओव्हाळ मॅडम म्हणत. पाण्याच्या एका सरकारी कार्यालयात त्या भूगर्भशास्त्रज्ञ होत्या, पण कंत्राटावर. म्हणजे जमिनीखाली काय आहे हे सांगायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि वर पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे त्यांना माहीत नसायचं. पन्नाशीला आलेल्या, ठेंगण्या, सुती पंजाबी ड्रेस आणि पायात कॅनव्हासचे बूट. पर्समध्ये चष्मा, पोळीचा डबा आणि दगड फोडायची हातोडी. मंत्रालयात एकदा सुरक्षारक्षकाने ती हातोडी बाहेर काढून विचारलं, "ही कशाला?" तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आतल्या लोकांसाठी नाही." त्या दिवशी त्यांना आत सोडलं नाही. बैठक त्यांच्याशिवाय झाली आणि इतिवृत्तात त्यांनी सहमती दर्शवली असं नोंदवलं गेलं.

मी कर्जतच्या कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस. नकाशा लोकभाषेत असावा असा आदेश वरून आल्यामुळे नकाशाच्या समितीला एक भाषातज्ज्ञ हवा होता आणि मी मोकळा होतो. त्यामुळे पुढची तीन वर्षं मला या बाईंच्या मागे मागे कर्जत आणि शेजारचा अशा दोन तालुक्यांत हिंडायला मिळालं.

कामाबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्याकडे पाऊस कोसळतो. चार महिने कपडे वाळत नाहीत, भिंती हिरव्या होतात, आणि मार्चमध्ये विहिरी तळ दाखवतात. बाहेरच्या माणसाला हे खोटं वाटतं. कारण साधं आहे : डोंगर उभे, खाली काळा कठीण कातळ, आणि पाणी जे सुटतं ते थेट खाडीला जाऊन थांबतं. मधे मधे मात्र काही जागा अशा असतात की तिथे खडक भेगाळलेला असतो, माती सैल असते, उतार मंद असतो. तिथे पाणी आत जातं आणि सावकाश सरकत खालच्या विहिरींना येतं. अशा जागा शोधायच्या, त्या नकाशावर दाखवायच्या आणि तिथे चर खणून, छोटे बांध घालून पाणी आत जायला मदत करायची, असा तो प्रकल्प. नदी होती पाताळगंगा. तिचं खोरं चौकच्या पुढे, कर्जतच्या अलीकडेच संपतं. पण समितीचे अध्यक्ष कर्जतकडचे असल्यामुळे ते कडावपर्यंत वाढवण्यात आलं. मॅडमनी सांगून पाहिलं की कडावचं पाणी उल्हास नदीला जातं. अध्यक्ष म्हणाले, "सध्या जात असेल."

मॅडमचा या कामातला जीव कुठे अडकला होता ते मला फार उशिरा कळलं नाही, कारण त्या लपवत नसत. चौकपासून आत गेल्यावर एक गाव आहे. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. जागेचं नाव छापून आल्यावर काय होतं हाच या लेखाचा विषय आहे. त्या गावाच्या बौद्धवाडीत मॅडमचा जन्म झाला. वाडीला स्वतःची विहीर आहे. छप्पन सालानंतर, गावच्या विहिरीवर अजून बोलाचाली चालू होती तेव्हा, मॅडमच्या आजोबांनी आणि त्यांच्या भावकीने ती हाताने खणली. कुणाकडे मागायला जायचं नाही, एवढं एकच त्यांचं तांत्रिक धोरण होतं. विहीर चांगली लागली. पण अलीकडे ती एप्रिलमध्येच बसू, म्हणजे आटू, लागली होती. वाडीच्या डोक्यावर भोईरांचा माळ म्हणून एक रिकामी, गवताळ सपाटी होती. मॅडमचं म्हणणं, विहिरीला पाणी तिथून येतं. माळावर चर खणले तर विहीर मेअखेरपर्यंत टिकेल. भोईर तोंडी हो म्हणाले होते. नकाशा मंजूर झाला की पहिलं काम त्या माळावर, असं मॅडमनी वाडीला सांगून टाकलं होतं. शास्त्रज्ञाने असं आधी सांगू नये. पण वाडीत त्या शास्त्रज्ञ नव्हत्या, सुमी होत्या.

त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. बुडाचा पत्रा कापलेला एक तेलाचा डबा त्या गाडीत ठेवत. जागा आली की डबा ठोकून जमिनीत बसवायचा, त्यात पाणी ओतायचं, आणि गुडघ्यांवर हात ठेवून बघत बसायचं. पाणी किती लवकर खाली जातं, बस. कार्यालयात याचं चांगलं परदेशी यंत्र होतं. ते कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांची बदली झाली होती. डबा ठोकायला लागलं की पाच मिनिटांत माणसं जमत. कडावला एका भातशेतीच्या बांधावर झालेलं संभाषण मला अजून आठवतं.

"मॅडम, बोरचा पॉइंट काढताय?"

"नाही हो."

"मंग पूजा हाय का कसली?"

"पाणी आत किती जातं ते बघते."

"आत जाऊन काय करायचं हाय? आमाला भायेर पायजे."

"आत गेलं तर खालच्या विहिरीला येईल."

"खालची विहीर आमच्या चुलतभावाची हाय," तो गृहस्थ गंभीर होत म्हणाला. "त्याला कशाला?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी त्याला बसवून घेतलं, काडीने मातीत डोंगर काढला, विहीर काढली, चुलतभावही काढला. माणूस शेवटी म्हणाला, "कळलं. पन पॉइंट दिला असता तर बरं झालं असतं." हे सगळीकडे व्हायचं. दोन तालुक्यांत त्यांना एकच मागणी होती, पॉइंट. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं : "मी पाणी घालायची जागा शोधते, काढायची नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आणि ते कुणालाही पटलेलं इतक्या कमी वेळा पाहिलं, की त्यांच्या जागी मी असतो तर ते सोडून दिलं असतं. त्या दर वेळी नव्याने सांगत.

समितीची एक बैठक मात्र सांगितलीच पाहिजे. उतार, माती, खडक, झाडोरा, यांतल्या कशाला किती वजन द्यायचं हे ठरवायचं होतं. वजनं घालून, थर एकावर एक ठेवून मग नकाशा तयार होतो. मॅडमनी आकडे मांडले. मातीच्या अधिकाऱ्यांना मातीचा वाटा कमी वाटला. जंगलवाल्यांना जंगलाचा. बांधकामाच्या इंजिनियरनी विचारलं, रस्त्यांना काहीच नाही?

"रस्त्यात पाणी जिरत नाही, साहेब," मॅडम म्हणाल्या.

"यांच्या रस्त्यांत जिरतं," जंगलवाले म्हणाले, आणि चहा आला.

मग रंगांवर आलो. पाणी जिथे चांगलं जिरतं त्या जागांना मॅडमनी निळा रंग दिला होता. पाणी म्हणजे निळं, यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. पण एक सदस्य खुर्चीत जरा सरकले. "निळा नको, मॅडम. लोक उगाच वेगळा अर्थ…"

"कोणता अर्थ?"

"म्हणजे, तुमचं आडनाव, आणि वर निळा… आम्हाला काही नाही, पण लोकांना वाटेल की…"

"की पाणी आमचं आहे?"

सदस्य समोरचे कागद सरळ करू लागले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हिरवा करा." कुणीतरी हिरव्याबद्दलही तोंड उघडलं, पण दुसरे एक सदस्य, चौकचे इसाक मुकादम म्हणून लाकडाचे व्यापारी, म्हणाले, "करा ना हिरवा. माझी हरकत नाही, भाताचा रंग आहे." त्यामुळे हिरवा झाला. माझीही एक सूचना त्याच दिवशी पडली. सूचीत मी साधं लिहिलं होतं, 'इथे पाणी मुरतं.' अध्यक्ष म्हणाले, सरकारी कागदावर हे चालणार नाही. मग 'जिरतं' केलं. ते 'पाणी अडवा, पाणी जिरवा' या घोषणेत बसत होतं.

मॅडमचा खरा हट्ट मात्र पुढे होता. नकाशा वाचता आला पाहिजे. कुणालाही. त्या म्हणत, "ज्याला आपलं घर सापडत नाही त्याच्यासाठी तो नकाशा नाही, डाग आहेत." नेहमीच्या सरकारी नकाशावर अक्षांश-रेखांश असतात, यांनी त्यावर ढाबे घातले. मोऱ्या, ट्रान्सफॉर्मर, मशीद, बुद्धविहार, मोठा वड, बंद पडलेली वीटभट्टी, सगळं. कार्यालयातला आखणी करणारा मुलगा वैतागला. त्याला वाटलं नकाशा म्हणजे लग्नाच्या पत्रिकेमागचा रस्ता झाला. छापण्याआधी मॅडम नकाशाचं भेंडोळं घेऊन परीक्षा घ्यायला निघाल्या. वाडीत त्यांच्या काकूंना दाखवलं. या काशीकाकू, वडलांच्या धाकट्या भावाच्या बायको. कधी शाळेत न गेलेल्या, आणि कुणाचंही कौतुक न करणाऱ्या. त्यांनी कागद उलटा धरला, मग सुलटा, आणि बोट ठेवलं. "ह्यो विहार. मंग ही आपली वाट. आन् ह्यो भोइराचा माळ. व्हय, वळखू येतोय." मॅडमचा चेहरा उजळला.

चौकच्या हायवेवरच्या ढाब्यावर तर त्याहून मोठा विजय झाला. गॅरेजवाल्यांनी, टेंपोवाल्यांनी आपापली ठिकाणं शोधली, काहींना सापडली, काहींना नाही. शेजारच्या टेबलावर बाळाराम बसला होता. पूर्वी कडावला भात लावायचा. जमीन विकली, मग दुसऱ्यांची विकून द्यायला लागला. गळ्यात साखळी, वागणं अतिशय नम्र. तो उठून आला आणि अर्धा चहा होईपर्यंत नकाशाकडे बघत राहिला.

"हा ट्रान्सफॉर्मर. ही मोरी. मंग हितून डावीकडं… हा भोईरांचा माळ. हितं हिरवा. म्हंजे हितं खाली पानी हाय."

"पाणी आहे असं नाही. तिथून पाणी आत जातं."

"तेच ते."

"तेच ते नाही."

"बरं, नाय तर नाय. पन मॅडम, नकाशा एक नंबर. आयुष्यात पयला सरकारी कागद मला समजला."

परतीच्या वाटेवर मॅडम गाडीत गुणगुणत होत्या. "सर, बघितलंत? ट्रान्सफॉर्मरवरून बरोब्बर पोचला." मी त्यांना इतकं खूश पुन्हा कधी पाहिलं नाही.

लोकार्पण झालं. नकाशावर जरीचा पडदा होता. प्रमुख पाहुण्यांनी माझं ते भूमीच्या अंतरंगाचं वाक्य भाषणात स्वतःचं म्हणून वापरलं, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा चांगलं म्हटलं. पडदा सरकल्यावर त्यांनी आपलं फार्महाऊस शोधलं. तेही लगेच सापडलं. ते लाल पट्ट्यात होतं. "ताई, आमचं लाल कसं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "साहेब, तिथे कातळ आहे," मॅडम म्हणाल्या. पाहुण्यांना वाटलं, आपल्याला काहीतरी लागट बोललं गेलं. मग नकाशाच्या प्लास्टिक चढवलेल्या प्रती ग्रामपंचायतींना गेल्या आणि भिंतींवर लागल्या.

दिवाळीनंतर बाळाराम कार्यालयात आला. मी योगायोगाने तिथे होतो. हातात पेढ्यांचा पुडा.

"मॅडम, तोंड गोड करा."

"काय झालं?"

"भोईरांचा माळ गेला ना! बंगल्याचे प्लॉट. पार्ट्या समद्या मुंबईच्या. जागा आवडायची, पन एकच रडगानं, पान्याचं काय, पान्याचं काय. म्हटलं चला. सरळ पंचायतीत नेऊन भिंतीवरचा नकाशा दावला. सरकारी शिक्का बघितला आन् बोलतीच बंद." त्याने फोन काढून जाहिरात दाखवली. मॅडमचा हिरवा तुकडा, तोच ट्रान्सफॉर्मर, तीच मोरी, आणि कोपऱ्यात पोहण्याच्या तलावाचं चित्र.

मॅडमच्या हातात पेढा तसाच होता. "तिथे चर खणायचे होते. भोईर हो म्हणाले होते."

"व्हय, म्हनाले असतील. पन आता माळ भोईरांचा कुठं ऱ्हायला?"

"आणि बोअर?"

"प्लॉटमागं येक. ज्याला त्याला सोताचं पायजे हो." तो पुढे झुकला. त्याच्या आवाजात खरीखुरी कृतज्ञता होती, हे मला नमूद केलं पाहिजे. "मॅडम, येक इचारू? या हिरव्यातला दुसरा चांगला कुठला, तेवढं सांगा ना. तुमच्यावानी कोनाला म्हायती?"

"बाळाराम, मी पाणी घालायच्या जागा…" मॅडमनी सुरुवात केली, आणि मी ते वाक्य पहिल्यांदाच अर्धवट राहिलेलं ऐकलं.

त्यानंतरचे महिने मॅडम कार्यालयांच्या पायऱ्या चढत होत्या. मी एक-दोनदा सोबत गेलो. एका वरिष्ठ साहेबांनी त्यांचं सगळं नीट ऐकून घेतलं. मनाने चांगला माणूस होता.

"नकाशा मागे घ्यायचा म्हणता. त्यात चूक काय आहे?"

"चूक नाही."

"चूक नाही तर दुरुस्तीपत्रक कशाचं काढू?"

"साहेब, बोअर तरी थांबवा. त्या पट्ट्यात बंदी घाला."

"बंदी अतिउपशाच्या क्षेत्रात घालता येते. आपले तालुके सुरक्षित वर्गात आहेत. इतका पाऊस पडतो, मॅडम!" त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर रणरणतं ऊन होतं. "असुरक्षित झाले की या. मी स्वतः प्रस्ताव पाठवीन."

निदान ग्रामपंचायतीतल्या प्रती तरी काढाव्यात म्हणून त्या सरपंचांकडे गेल्या. सरपंच म्हणाले, नकाशा लावल्याचा फोटो वर पाठवलाय, काढल्याचा फोटो कुणाला पाठवू? आणि खरं म्हणजे लोक तो बघायला लांबून येतात, पंचायतीत पूर्वी कोण यायचं?

हे चालू असताना माळावर बोअरच्या गाड्या आल्या. वाडीत त्यांचा घरघराट ऐकू यायचा. विहीर त्या वर्षी होळीलाच बसली. आम्ही गेलो तेव्हा काशीकाकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मला पाणी दिलं, मॅडमना दिलं नाही.

"सुमे, तुझा नकाशा बघितला गं पंचायतीत. आमच्या डोक्यावर कसा हिरवागार रंग हाय. आन् हंड्यात?"

"काकू, त्यांनी बोअर मारलेत. मी काय करणार?"

"मंग पुसून टाक."

"छापलाय आता."

"छापायच्या आदी मला इचारायचं व्हतं."

"तुलाच विचारलं होतं! तूच म्हणालीस, माळ ओळखू येतोय."

"मला काय ठावं," काकू म्हणाल्या, "समद्यांनाच वळखू येईल."

  काकूंनी तांदळातला खडा उचलून अंगणात टाकला आणि जरा मऊ होऊन म्हणाल्या, "तुझ्या आज्यानं हीर खनली तवा कोनालाच सांगितलं नवतं गं, हितं पानी हाय म्हून. लागल्यावर सांगितलं." मग उठून त्यांनी मॅडमना पाणी आणून दिलं. कळशीत तेवढंच होतं बहुतेक, कारण कळशी त्यांनी पूर्ण वाकडी केली.

त्या दिवशी गाडीत मॅडम एकच वाक्य बोलल्या. "सर, वाईट नकाशा काढला असता तर चाललं असतं." मी नेहमीप्रमाणे काहीतरी समजूतदार बोलायला गेलो आणि गप्प बसलो. मराठीच्या प्राध्यापकाला हे जमतं तेव्हा परिस्थिती खरंच गंभीर असते.

त्यांना शेवटचं पाहिलं ते मे महिन्यात. प्रकल्पाचा परिणाम मोजण्यासाठी खोऱ्यातल्या काही विहिरी निरीक्षणासाठी ठरवल्या होत्या. वाडीची विहीर त्यात मॅडमनीच आग्रहाने घातली होती, चर झाल्यावर पाणी किती वाढलं हे कागदावर यावं म्हणून. दर मे महिन्यात, ठरलेल्या आठवड्यात, टेप सोडून पातळी मोजायची. त्यांचा फोन आला : "सर, येता का? आज शेवटचा दिवस आहे मोजणीचा." मॅडम सोबत मागत नसत. मी गेलो.

आम्ही पोचलो तर विहिरीपाशी टँकर उभा. आमच्याकडे टँकर हंड्यात पाणी देत बसत नाहीत. पाईप विहिरीत सोडतात आणि निघून जातात, मग बायका दोर टाकून शेंदून घेतात. मॅडम ड्रायव्हरला म्हणाल्या, "दोन मिनिटं थांबा, आधी मला मोजू द्या."

"बाई, पुढं दोन वाड्या हायत. मी थांबलो तर शेठ मला कच्चा खाईल."

"कोण शेठ?"

"बाळारामशेठ. टँकर त्यांचाच. माळावरच्या बोरवर भरतो, हितं वततो."

त्याने झडप उघडली. पाणी विहिरीत धो धो पडायला लागलं. वाडीच्या बायका हंडे घेऊन कठड्याला टेकल्या होत्या. काशीकाकू त्यात होत्या. त्यांनी टँकरकडे पाहिलं, मग माळाकडे पाहिलं. "सुमे, त्येच पानी हाय गं. आदी खालून यायचं, आता टायरवर येतंय. फरक काय नाय. जरा माती लागायची तेवडी नाय."

एक-दोघी हसल्या. मॅडमही हसल्या असाव्यात. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

"आज मोजू नका," मी हळूच म्हटलं. "उद्या या."

"आज नोंद नाही झाली तर विहीर यादीतून जाते. यादीतून गेली की कोरडी आहे हेही कागदावर उरत नाही. मग टँकरही बंद होईल." त्यांनी पर्समधून टेप काढला. टँकर रिकामा होऊन गेला. पाणी हिंदकळायचं थांबेपर्यंत त्या कठड्याशी उभ्या राहिल्या. बायकांनी दोर हातात धरले होते, पण कुणी टाकला नाही. कुणी त्यांना थांबा म्हटलं नव्हतं.

टेप आत गेला, ओला होऊन वर आला. मॅडमनी आकडा लिहिला, आणि शेजारी शेऱ्याच्या रकान्यात, बारीक, स्वच्छ अक्षरात : 'टँकर ओतल्यानंतर मोजले. प्रत्यक्षात विहीर कोरडी.' आपली सही केली. मग बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "घ्या गं."

एकदम सगळे दोर पडले. बायकांच्या खांद्यांमधून मला मॅडम दिसल्या, टेप गुंडाळत गाडीकडे चाललेल्या, ओल्या टेपने ड्रेसवर पट्टा उमटलेला. काकूंनी मागून हाक मारली, "जेवून जा गं सुमे!" त्यांनी मान न वळवता हात वर केला. हो की नाही ते कळलं नाही.

जूनमध्ये त्यांचं कंत्राट संपलं आणि पुन्हा झालं नाही. आता त्या दुसऱ्या जिल्ह्यात असतात, एका खाजगी कॉलेजात शिकवतात, असं ऐकतो.

प्रकल्पाचा अहवाल पुढे प्रसिद्ध झाला. त्याची भाषा तपासायचं काम माझ्याकडेच होतं. मोजणीचे आकडे संगणकात भरताना शेऱ्याचा रकाना घेतलेला नाही, कारण त्यात आकडे नसतात. संपूर्ण खोऱ्यात मे महिन्यात पाणीपातळी वाढलेली निरीक्षण विहीर एकच आहे. ती बौद्धवाडीची, आणि तिच्यासमोर 'पुनर्भरण यशस्वी' असं छापलेलं आहे. त्यात शुद्धलेखनाची चूक नव्हती.